काजवा कॅम्पमधील बेशिस्त आणि फसवी जाहिरात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : भंडारदरा येथील काजवा कॅम्पमध्ये जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळाल्याबाबत

महोदय,

जूनच्या पहिल्या शनिवारी आपल्या काजवा कॅम्पला मी, माझे वडील आणि भाचा असे तिघे आलो होतो. माणशी १,८०० रुपये आगाऊ भरले होते. ‘लहान गट, स्थानिक वाटाड्या, जंगलाचे नियम पाळून काजवादर्शन’ असे जाहिरातीत होते. यातला फक्त वाटाड्या मिळाला, आणि त्याचेही आपल्या माणसांनी ऐकले नाही.

जेवण रात्री उशिरा मिळाले, तंबू ओलसर होते. त्याबद्दल मी भांडत नाही, डोंगरात एवढे चालायचेच. तक्रार आहे ती झाडांपाशी जे झाले त्याची.

घाटघरच्या रस्त्याला काजव्यांनी लगडलेल्या हिरडा-सादड्याच्या झाडांसमोरच आपल्या तीन मिनीबस उभ्या केल्या गेल्या. सगळे उतरल्यावरही हेडलाइट चालूच. ट्रेक लीडर डोक्याला टॉर्च लावून शिट्ट्या मारत माणसे मोजत होता. फ्लॅश उडत होते, कोणी फांद्या हलवत होते, मुले बाटलीत काजवे भरत होती, आणि त्यांना कोणीही अडवले नाही. बघता बघता झाडे काळी पडली. “दादा, लाइट बंद करा, मग दिसतील,” असे गावचा वाटाड्या पुन्हा पुन्हा विनवत होता. त्याला लीडरने सर्वांदेखत सुनावले, “तू फक्त रस्ता दाखव.” ज्याच्या गावात आपण धंदा करता, त्या माणसाशी बोलायची ही रीत नव्हे. वडिलांना ते फार लागले.

सोमवारी फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधीने सांगितले, “निसर्ग कोणाच्या हातात नसतो, रिफंड मिळणार नाही.” हे उत्तर खरे नाही. त्याच रात्री तो वाटाड्या आम्हां तिघांना टॉर्च विझवून थोडे पुढे घेऊन गेला. तिथले जांभळाचे झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका लयीत लुकलुकत होते. काजवे होते, आपल्या दिव्यांनी ते दिसू दिले नाहीत.

नुकसान फक्त आमचे झालेले नाही. नर आणि मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेनेच शोधतात, आणि प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असते. पाऊस जोर धरेपर्यंतच त्यांचा हा हंगाम. त्यात झाडावर प्रखर झोत टाकला की मीलन हुकते, म्हणजे पुढच्या वर्षीची पिढीच घटते. अळ्या ओलसर मातीत गोगलगायी खाऊन वाढतात, आणि तीच माती आपली गर्दी तुडवते. ही जागा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. अभयारण्यातल्या कोणत्याही वन्य जीवाला त्रास देण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मनाई करतो. रात्रीच्या सहली विकणाऱ्या कंपनीला हे मी सांगावे लागते, याचा मला संताप येतो.

माझ्या मागण्या अशा. तिघांचे पूर्ण पैसे परत करावेत. त्या वाटाड्याची लीडरने गावात जाऊन माफी मागावी. पुढच्या हंगामापासून गाड्या गावातच थांबवून लोकांना पायी न्यावे, टॉर्चला लाल कागद लावावा, फ्लॅशला बंदी असावी, आणि झाडापाशी शब्द चालावा तो वाटाड्याचा. गट किती जणांचा असेल तो आकडा जाहिरातीत छापावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, आणि व्हिडिओसह एक प्रत वन्यजीव विभागाला देईन. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

आपली,
कॅम्पमधील एक ग्राहक
(नाव व बुकिंग क्रमांक पावतीवर)