त्या आवाजाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना धाकटा गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करताना पडला, हसत उठला, आणि नेमका तेव्हाच मागून तो आवाज आला. बाबा, तुमचा चेहरा मला स्क्रीनवर दिसला. "काय फुटलं?" एवढंच विचारलंत, आणि मग कॉल संपेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. आईने "जपा हं" म्हणून फोन ठेवला. त्या रात्री तुम्हा दोघांना झोप लागली नसणार, हे मला इथे बसून कळत होतं. फोनवर असल्या गोष्टी धड सांगून होत नाहीत, मधेच कुणीतरी बोलतं आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. बाबा पत्र दोनदा वाचतात, तेव्हा यावेळी काहीच गाळणार नाही.

आधी तो आवाज. तळ्यावरचा बर्फ म्हणजे काठापासून काठापर्यंत घट्ट बसलेली एकच पुडी. तबल्याची पुडी हवेबरोबर चढते-उतरते ना, तसंच याचं. संध्याकाळी गारठा वाढला की बर्फ आकसतो, दुपारी जरा ऊब आली की पसरतो, आणि काठाने धरून ठेवल्यामुळे त्याला हलायला जागा नसते. मग कुठेतरी केसासारखी चीर जाते. तिचा आवाज बर्फातून लांबवर येतो तेव्हा बारीक सूर आधी पोहोचतो आणि जाड सूर मागाहून, म्हणून वरून खाली घसरत येणाऱ्या शिट्टीसारखं ऐकू येतं. पायाजवळ चीर गेली तर नुसतं 'खट्' होतं. जाड, पक्क्या बर्फातही हे रोज चालू असतं. तुम्ही ऐकलंत ते हेच.

आम्ही घाबरतो ते दुसऱ्याच खुणांना. पायाखालचा बर्फ किंचित दबला, पायाभोवती चांदणीसारख्या चिरा पसरल्या, किंवा चिरेतून पाणी वर झिरपलं, की तिथेच थांबायचं, आडवं व्हायचं आणि आल्या वाटेने सरपटत मागे फिरायचं. हे मुलांनाही पाठ आहे.

आई, या चिरांवरून तुला आवडेल अशी एक गोष्ट. जपानमध्ये सुवा नावाचं सरोवर आहे. ते पूर्ण गोठलं की पसरणाऱ्या बर्फाचा दाब येऊन मधोमध त्याचा बांध उभा राहतो, गडगडाट करत. तिथले लोक म्हणतात, पलीकडच्या काठावर देवी राहते, तिला भेटायला देव बर्फावरून चालत गेला, त्याची ही पाऊलवाट. तिथले पुजारी हे कधी घडलं त्याची नोंद १४४३ सालापासून ठेवत आले आहेत. पावणेसहाशे वर्षं! ज्या आवाजाने बाबांची झोप गेली, त्याची ते लोक वाट बघतात.

आता बर्फाबद्दल. आई, तू वर्गात होपचं उपकरण मांडून 'पाण्याचे असंगत आचरण' शिकवायचीस, आणि मी मागच्या बाकावर ते नुसतं पाठ करत होते. ते मला खरं कळलं ते इथे, तळ्याच्या काठावर उभी राहून. पाणी ४ अंशांना सगळ्यांत जड. थंडी सुरू झाली की वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, असं करत सगळं तळं ४ अंशांवर येतं. त्यापुढे गार झालेलं पाणी हलकं, म्हणून ते वरच राहतं आणि गोठतं. गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून तरंगतं. खाली मासे निवांत असतात. तू शिकवलेलं ते असंगत आचरण नसतं तर आम्हाला पाय ठेवायला जागाच नव्हती. तळी बुडापासून गोठली असती आणि आत काही जगलं नसतं.

बाबांना पुस्तकातलं नको असणार, माप हवं असणार. तर माप असं. काचेसारखा स्वच्छ, कठीण बर्फ निदान १० सेंटिमीटर जाड असल्याशिवाय मुलांना उतरवायचं नाही. दुधी, पांढरा बर्फ ओल्या हिमापासून झालेला असतो, त्यात हवेचे बुडबुडे असतात. त्याची ताकद निम्मीच धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आणि वसंत जवळ आला की जाडीवर विश्वास ठेवायचाच नाही. उन्हाने बर्फ आतून उभ्या काड्यांसारखा सुटा होतो, वीतभर जाड असला तरी दगा देतो.

मापायची पद्धत सांगते. तुमचे जावई तरंगणारं जाकीट घालून एकटे पुढे जातात, हातात लोखंडी टोकाची जड काठी. प्रत्येक दोन पावलांवर ती बर्फावर जोरात मारायची. मी काठावर दोर घेऊन उभी. ठरावीक अंतरावर गिरमिटाने भोक पाडायचं. गिरमिट फिरवताना पांढरा चुरा वर येत राहतो आणि मग एकदम हाताला काहीच लागेनासं होतं, भोकातून पाणी वर चढतं आणि बोटभर खाली येऊन थांबतं. त्यात टोकाला हूक असलेली मोजपट्टी सोडायची, हूक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचा आणि माप वाचायचं. एका भोकावर कधीच भागत नाही. ओढा जिथे मिळतो, जिथून पाणी बाहेर पडतं, जिथे तळाशी झरे आहेत, पुलाखाली, लव्हाळ्याच्या कडेला, तिथे बर्फ नेहमी पातळ. वर हिमाचा थर साचला असेल तर तो गोधडीचं काम करतो आणि खालचा बर्फ वाढतच नाही.

या वर्षीच्या पहिल्या खेपेचं तुम्हाला सांगितलं नव्हतं. मुलं पहाटेपासून तयार होती. स्केट्सच्या नाड्या बांधायला पाऊण तास गेला होता, ताईने धाकट्याच्याही स्वतः बांधल्या होत्या. पहिल्या भोकाला ११ सेंटिमीटर, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ७. तुमच्या जावयांनी तिथूनच हात आडवा केला. ताई बाकावरून उठली नाही, म्हणाली, "मी फक्त काठाशीच खेळेन, आई, लांब जाणार नाही." मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून त्याच नाड्या सोडल्या. गोठलेली गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडली. ती घरी येईपर्यंत रडत होती, आणि मीही गाडीत एकदा डोळे पुसले. पण त्या दिवशी परत फिरलो म्हणून तुम्ही आमच्याबद्दल निर्धास्त असावं, असं मला वाटतं. रविवारी त्याच जागी १६ होतं.

आणि तरीही कुणी आत गेलंच तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या मनात तोच आहे. प्रत्येकाच्या गळ्यात टोच्यांची जोडी असते, धाकट्याच्यासुद्धा. लाकडी मुठीत बसवलेली लोखंडी टोकं. ओला बर्फ नुसत्या हाताने धरता येत नाही, टोचे रुतवून स्वतःला वर ओढायचं. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी स्वतः कितीदा तरी बर्फाळ पाण्यात उतरून हा विषय अभ्यासला आहे. त्यांचा मंत्र 'एक-दहा-एक'. पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणायचं, कारण गारठ्याने धाप लागते आणि तिथेच लोक पाणी गिळतात. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर पडायचं. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. लोकांना वाटतं, पडला की क्षणात संपलं, आणि त्या भीतीनेच पहिलं मिनिट वाया जातं.

दर हिवाळ्याच्या सुरुवातीला घरातल्या सतरंजीवर आमची तालीम होते. आलो त्या दिशेला तोंड फिरवायचं, कारण तिकडच्या बर्फाने आपलं वजन पेललेलं असतं. पाय माशासारखे मारत आडवं व्हायचं, टोचे रुतवायचे, पोटावर सरकत बाहेर यायचं. बाहेर आलं की उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. धाकटा इतक्या मनापासून करतो की सतरंजीला टोच्यांची भोकं पडली आहेत. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्रत्येकाचा, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पाठीवर.

आणि दोर. बाबा, मला पोहायला शिकवताना तुम्ही माझ्या कमरेला दोर बांधायचात आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळायचात. मी बाहेर आले की तुमच्या मनगटावर लाल वळ दिसायचा. इथे पहिल्याच दिवशी शिकवतात की फेकायचा दोर मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही, नाहीतर ओढणाराही पाण्यात जातो. ते ऐकताना मी मान हलवली, पण मनात तो वळच होता. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. मी गेले असते तर तुम्हीही आला असता, म्हणूनच ते वेढे होते. आता माझ्या हातात दोर असतो आणि मी तो नियमाप्रमाणे मोकळा धरते, दरवेळी मन घट्ट करून.

एवढं सगळं कशासाठी, असं आई विचारेल. आई, हिम पडायच्या आधी तळं गोठलं तर त्याला काळा बर्फ म्हणतात. काळा कसला, पारदर्शक. खाली पाण्याचा काळोख दिसतो म्हणून ते नाव. त्यावर पोटावर झोपून धाकटा तासन्‌तास खाली बघतो. गाळातून वर येणारे वायूचे बुडबुडे बर्फात एकावर एक थिजलेले असतात, नाण्यांची चळत रचावी तसे. पाणवनस्पती उभ्या, न हलणाऱ्या. एकदा त्याच्या नाकाखालून, बर्फाच्या पलीकडून, एक मासा सावकाश गेला. त्याने श्वास रोखला होता, आणि मला वाटतं माशालाही तो दिसला असावा. कृत्रिम रिंगणात गोल गोल फिरण्यात हे नाही. तिथे आम्ही जातो, सराव होतो, पण तळ्यावर सरळ जाता येतं. समोर फक्त पाऊण मैल मोकळं असतं आणि स्केटच्या पात्याचा सर्र आवाज. वारा असेल तर आधी वाऱ्यावर चाल करून जायचं, म्हणजे दमलेली मुलं परतताना वाऱ्यानेच घरी ढकलली जातात.

ताईने विचारलं, बर्फ मुळात घसरडा का. आम्हाला शाळेत सांगायचे की पात्याच्या दाबाने वितळतो. आता कळतं की तेवढा दाब पुरत नाही. बर्फाचे सगळ्यांत वरचे रेणू खालच्यांसारखे घट्ट बांधलेले नसतात, ते मोकळे फिरतात, आणि त्यांच्यावरून आपण घसरतो. उणे ७ अंशांच्या आसपास तो सगळ्यांत घसरडा असतो. हे आजीला सांग, असा तिचा निरोप आहे.

मला दुसरी एक काळजी आहे, ती तुमच्याच वयाच्या माणसांना सांगावीशी वाटते. असे दिवस कमी होत चालले आहेत. सुवा सरोवराच्या नोंदींत पहिल्या अडीचशे वर्षांत फक्त ३ हिवाळे बिनबर्फाचे गेले होते, आता बांध उभा राहणं हीच बातमी होते. नेदरलँड्समध्ये ११ गावांना जोडणारी, सुमारे २०० किलोमीटरची एल्फस्टेडेनटॉख्त नावाची स्केटिंगची शर्यत आहे. १९०९ पासून ती फक्त १५ वेळा झाली, कारण सबंध वाटेवर १५ सेंटिमीटर बर्फ लागतो. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला झाली. तेव्हापासून लोक दर हिवाळ्यात वाट बघतात. कॅनडातल्या संशोधक सपना शर्मा यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१९ मध्ये मांडलं की उत्तर गोलार्धातली सुमारे १४,८०० तळी आता दर हिवाळ्याला नेमाने गोठत नाहीत. त्यांचाच पुढचा अभ्यास सांगतो की हिवाळ्यात हवा उणे ५ ते ० अंशांच्या मधे घुटमळते तेव्हा बर्फातून बुडण्याच्या घटना सर्वांत जास्त. म्हणून तसल्या मऊ हवेत आम्ही काठावरूनच परत येतो, समोर कितीही लोक खेळत असले तरी.

मुलं मोठी होतील तेव्हा हे तळं गोठेलच असं मला सांगता येत नाही. त्यांच्या आठवणीत ते गोठलेलं असावं आणि त्यावर तुम्ही दोघंही असावेत, असं मला फार वाटतं.

तेव्हा तिकीट काढताना या वेळी उन्हाळ्याचं नको, जानेवारीच्या शेवटाचं काढा. तेव्हा बर्फ सगळ्यांत भरवशाचा असतो. बाबांच्या गुडघ्यांसाठी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते घालून तुम्ही काठीशिवाय चालाल. पहिलं भोक तुमच्या हातून पाडू आणि पट्टी तुम्हीच वाचा, मला तुमच्या तोंडून आकडा ऐकायचा आहे. आईसाठी खाली पट्ट्या लावलेली लाकडी खुर्ची आहे, ताई ती ढकलायचा सराव आत्तापासून करते आहे, आत धाकट्याला बसवून.

आई, लोकरीच्या दोन मोज्यांवर बूट येईल असं माप लागेल. बाबा, आईचं पाऊल कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आखा आणि तो कागद पत्राने पाठवा, फोटोत माप चुकतं. पेन्सिल सरळ उभी धरा. आणि तुमचंही पाऊल त्याच कागदाच्या मागे.

तुमची लेक