आई-बाबा, तिकीट काढून झालं आहे

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, मायना बरोबर आहे ना? चौथीत समोर बसवून दहा वेळा गिरवून घेतला होतात, तो आज कामी येतोय. खरं तर फोनवर सांगता आलं असतं. पण आपल्या फोनचं काय होतं ते तिघांनाही ठाऊक आहे. मी दोन वाक्यं बोलते, तुम्ही "हं, आईशी बोल" म्हणून फोन पुढे करता आणि आईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आवाज का बसलाय तुझा?" मग मूळ गोष्ट राहूनच जाते. तीन रविवार राहिली आहे.

तर सरळच लिहिते. पुढच्या महिन्यात मी जॉर्जियाला जाते आहे. अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या कुशीतला छोटा देश. सतरा दिवस. तिथल्या राजधानीत, तिबिलिसीत, आमच्या 'मामावाली'च्या घरी राहणार. आमची फिनलंडवाली 'अंधारातली' हेलसिंकीहून येते आहे आणि 'घड्याळवाला' आदिस अबाबाहून, वेळेवर उगवला तर. व्हिसा आला, रजा मंजूर झाली, तिकीट काढून झालं. म्हणजे हे पत्र परवानगीचं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आधी का नाही सांगितलं, तर आधी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते. तुम्ही अडवलं असतंत म्हणून नव्हे. तुम्ही "जा की, आमचं काय" असं म्हणाला असतात, म्हणून.

बाबा, मागच्या वेळी मी आले होते तेव्हा माझ्या या व्हिडिओ कॉलवरच्या दोस्तांवरून तुम्ही म्हणालात, "पडद्यावरची माणसं पडद्यावरच बरी." मी काही बोलले नाही, आत जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली, हे आईने पाहिलं होतं. त्या वाक्याचं उत्तर आज देते.

नऊ वर्षं झाली आम्हा चौघांच्या ओळखीला. पहिलं वर्षभर आम्ही आपापल्या देशांच्या नुसत्या बढाया मारत होतो. फिनलंडवाली सांगायची, आमच्याकडे माणसं 55 लाख आणि सौना 30 लाखांच्या घरात. मग आमच्यातला कुणीतरी आपल्या देशातलं काहीतरी त्याहून मोठं काढायचा. कंटाळवाणंच होतं ते, आता वाटतं. गंमत सुरू झाली ती चुकांपासून.

घड्याळवाल्याची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. इथिओपियात दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आमचं पहिल्यांदा बोलायचं ठरलं ते "तुझ्या घड्याळात तीन वाजता". तो त्याच्या तीनला, म्हणजे सकाळी नऊला हजर. अर्धा तास एकटाच बसून गेला. आम्ही तिघं सहा तासांनी जमलो आणि तो आला नाही म्हणून रुसलो. शिवाय त्यांचं पंचांगही वेगळं, तेरा महिन्यांचं. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. सालसुद्धा आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे चालतं. आई, तू तेव्हा म्हणाली होतीस, "मग मला तिकडेच नेऊन ठेवा, साठीच्या आत येईन." ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं होतं. अजून विचारतो, आई कधी येणार म्हणून.

आणि मामावालीचं नाव ज्यावरून पडलं ते तर तुझंच बारसं. सुरुवातीला ती लिहायची, आज मामाने बस उशिरा आणली, मामा माझ्यावर चिडला, मामाच्या मिशा पांढऱ्या झाल्या. मी दोन महिने समजत होते, बिचारी मामाकडे वाढते आहे, वडील नसावेत. फिनलंडवालीला वाटत होतं की हिची आई बस चालवते, आणि मिशांचं कसं विचारायचं हे तिला कळत नव्हतं. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील! आणि आई म्हणजे 'देदा'. हे कळलं त्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर इतकी हसले की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

त्यांची मोजणीही विसांची आहे, हे सांगायचं राहिलं. ऐंशीला 'ओत्खमोत्सी' म्हणतात, म्हणजे चार विसा. नव्व्याण्णव म्हणजे चार विसा आणि एकोणीस. आजी चिमट्यांपासून नोटांपर्यंत सगळं "तीन विसा नि सात" असं मोजायची आणि आम्ही भावंडं तिला हसायचो, ते आठवून मला त्या दिवशी वाईट वाटलं. पडद्याला ते 'फार्दा' म्हणतात, बागेला 'बाघी', बाजाराला 'बाजारी' आणि खेळाला चक्क 'तामाशी'. फारसीने दोन्हीकडे हात दिलेला दिसतो. बाबा, हे तुमच्या वहीत लिहून ठेवा.

आणि तुमच्यासाठी आणखी एक. जुन्या गोव्यातला तो सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा आठवतो? मी चप्पल चावते म्हणून रडत होते आणि तुम्ही मला जांभा दगड समजावून सांगत होतात. त्या अवशेषांत जॉर्जियाच्या राणीचं हाड होतं. केतेवान तिचं नाव. 1624 मध्ये शिराझला शाह अब्बासने तिला धर्म बदलत नाही म्हणून हाल करून मारलं. ऑगस्टीनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या. कैक वर्षं शोध चालला, शेवटी उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला आणि 2021 मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तो अवशेष स्वतः नेऊन जॉर्जियाला दिला. मी मामावालीला आपला त्या मनोऱ्यापाशी काढलेला फोटो पाठवला होता, मी रडतेय तोच. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू आमच्या राणीच्या अंगणात रडली आहेस." आता सांगा, अशा मुलीला पडद्यावर किती दिवस ठेवायचं?

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे, म्हणून इतकं पाल्हाळ लावते आहे.

आम्ही चौघं खाण्यापिण्यावर, प्रवासावर, भाषेवर कितीही बोललो तरी शेवटी गाडी आईवडिलांवर येते. फिनलंडवालीचे वडील तळ्याकाठच्या घरात एकटे राहतात. नगरपालिकेची नर्स येऊन औषधं बघून जाते. ही दर रविवारी फोन करते, महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येते. पहिल्या वर्षी मी तिला ठसक्यात लिहिलं होतं, "तुम्ही लोक म्हाताऱ्यांना एकटं टाकता." तिने शांतपणे विचारलं, "तुझे आईवडील कुणासोबत राहतात?"

मी नेटवर्क गेल्याचं सांगून बंद केलं. खोटं बोलले. नेटवर्क उत्तम होतं.

मामावालीची आई अकरा वर्षं इटलीत होती, एका परक्या आजीची सेवा करायला. जॉर्जियातल्या पुष्कळ बायका अशा इटलीला, ग्रीसला जातात आणि तिथल्या म्हाताऱ्यांना सांभाळून घरी पैसे पाठवतात. तिच्या मागे तिची स्वतःची आई घरी वारली. मामावाली एकदा म्हणाली, "आईला त्या आजीच्या गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या. स्वतःच्या आईच्या नव्हत्या." तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, कांदा चिरताना म्हटलं. त्या रात्री मी दादाला फोन करून बाबांच्या सगळ्या गोळ्या लिहून घेतल्या होत्या. तुम्हाला वाटलं असेल अचानक हिला काय झालं. हे झालं होतं.

आणि मागच्या डिसेंबरातल्या त्या चार रात्री. बाबा, तुम्ही दवाखान्यात आत होतात, आईला दादाने बळेबळे घरी पाठवलं होतं. मी बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर. "एकटीच होतीस ग रात्रभर," असं आई अजून म्हणते. मी एकटी नव्हते. फिनलंडवाली फोनवर होती, तिच्या घड्याळात रात्रीचे अडीच वाजेपर्यंत, चारही रात्री. बोलत काहीच नव्हती, तिला बोलण्याची सवयच नाही. फोन टेबलाला टेकवून मोजे विणत बसायची. सुयांचा आवाज यायचा, बस. घड्याळवाला रोज पहाटे एकच ओळ पाठवायचा, "वडील झोपले का?" आणि तिसऱ्या दिवशी मामावालीने एक फोटो पाठवला. त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाळूच्या तबकात लावलेल्या पुष्कळ मेणबत्त्या, पिवळ्या, काडीसारख्या बारीक. त्यातल्या डावीकडच्या, जराशा वाकलेल्या मेणबत्तीभोवती तिने लाल गोल काढला होता. "ही तुझ्या मामाची," खाली लिहिलं होतं. एक क्षण मला नागपूरचा मामाच आठवला, मग कळलं.

त्या देवळात जाऊन यायचं आहे मला. बाकी डोंगर, गरम पाण्याची कुंडं, जुनी राजधानी हे सगळं बघेनच, पण मुख्य काम तेवढंच. तुम्हाला हे फोनवर कसं सांगणार होते?

आता काळजीच्या गोष्टी. त्यांच्या घरात मला स्वतंत्र खोली आहे, खिडकीतून द्राक्षाचा मांडव दिसतो, मी व्हिडिओवर पाहिला आहे. विमानतळावर घ्यायला तिचे वडील येणार, तेच मिशावाले, तीस वर्षं बस चालवलेले. त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तुमचे रात्रीचे नऊ वाजले की माझे साडेसात, तेव्हा रोज फोन करेन. एखाद्या दिवशी डोंगरात रेंज नसेल तर आदल्या रात्री सांगून ठेवेन, लगेच दादाला उठवायचं नाही. विमा काढला आहे. तिथे मदतीचा नंबर 112 आहे, आपल्यासारखाच. खाण्याचे हाल होणार नाहीत. तिची आजी बुधवार-शुक्रवार उपास धरायची, ती रीत घरात अजून आहे. त्या दिवशी मांस नाही, दूध नाही, नुसता घेवडा शिजवलेला, वांग्यात अक्रोडाचं वाटण. आई, तुला आवडेल असं आहे. वाइनचंही आधीच सांगते, म्हणजे नंतर फोटो बघून बाबांचं बीपी वाढायला नको. ते लोक मातीचे रांजण जमिनीत पुरून वाइन करतात आणि जेवणाला बसले की एक जण उठून एकेकाच्या नावाने प्याला उचलतो. गेलेल्यांच्या नावाने, आईवडिलांच्या नावाने. तुमच्या नावाला मी एक घोट घेईन. एकच.

आता तुमच्याकडे. बाबा, अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही, काय आणायचं असेल ते सकाळी. पंख्यावरची धूळ सतरा दिवस राहिली तर काही बिघडत नाही, स्टुलावर चढायचं नाही, दोघांनीही. न्हाणीघरात रबरी चटई टाकून घ्या, मी पाठवलेली अजून पलंगाखाली गुंडाळून ठेवली आहे हे मला माहीत आहे. गोळ्यांचा डबा रविवारी रात्री दादा भरून जाईल. तुमची फाइल निळ्या पिशवीत, कपाटाच्या मधल्या खणात, तिथून हलवायची नाही. दादाला वहिनीसमोर बोलू नका, तो येतोय हेच खूप आहे. बरं, हे जास्त झालं. तुम्हाला हवं तसं बोला.

आणि आई, एक तुला. मागच्या वेळी बाबांच्या छातीत दुखत होतं ते तुम्ही दोघांनी दोन दिवस माझ्यापासून लपवलंत, मला उगाच त्रास नको म्हणून. या वेळी तसं केलंत तर मी खरंच कधीच कुठे जाणार नाही आणि तुमच्याच घरी येऊन बसेन, मग कळेल. जरा चमकलं, जरा दम लागला तरी सांगायचं. मी तिथून काय करणार, असं म्हणू नकोस. तिथे घरात तीन माणसं जागी राहणारी आहेत, मी चौथी.

रागावला असाल तर दोन दिवस रागवा. तिसऱ्या दिवशी फोन उचला.

तुमची,
धाकटी

ता. क. : त्यांच्या देवळात बायकांनी डोकं झाकून जायचं असतं. आई, तुझी ती निळी ओढणी, लोखंडी कपाटातली, मी मागच्या वेळीच न विचारता घेऊन आले आहे. शोधत बसू नकोस.