पार्क ग्वेल फाटकाबाहेरून ‘दाखवल्या’बद्दल तक्रार

सातारा, दि. १६ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय : बार्सिलोना येथील पार्क ग्वेल या बागेत कबूल केल्याप्रमाणे प्रवेश न मिळाल्याबाबत, तसेच आपल्या ई-मेलला उत्तर.

महोदय,

मे महिन्यातल्या आपल्या स्पेन-पोर्तुगाल सहलीत मी आणि माझी पत्नी होतो. परत आल्यावर मी फोनवर केलेल्या तक्रारीला आपले ई-मेलने उत्तर आले. त्यात म्हटले आहे, “पार्क ग्वेलला नियोजनाप्रमाणे भेट देण्यात आली, गर्दीच्या हंगामामुळे प्रवेश होऊ शकला नाही.” यातला पहिला अर्धा भाग खोटा आहे आणि दुसरा अर्धा तुम्ही स्वतःची चूक गर्दीच्या माथी मारण्यासाठी लिहिला आहे. म्हणून हे पत्र.

आपल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या दिवसापुढे ‘पार्क ग्वेल (प्रवेशासह)’ असे शब्द आहेत. त्याच पानावर दुसऱ्या एका इमारतीपुढे ‘बाहेरून दर्शन’ असे लिहिले आहे. म्हणजे या दोन गोष्टींतला फरक कंपनीला चांगला ठाऊक आहे.

त्या दिवशी काय झाले ते माझ्या खिशातल्या डायरीवरून देतो. बांधकाम खात्यातली जुनी सवय आहे, वेळ टिपल्याशिवाय चैन पडत नाही. जेवण आटोपून बस २.२० ला निघाली. २.३५ ला आम्हाला चामड्याच्या वस्तू आणि अत्तरांच्या एका दुकानापुढे उतरवले. हे दुकान कार्यक्रमपत्रिकेत कुठेही नव्हते. आत जाताना प्रत्येकाच्या शर्टावर हिरवा गोल स्टिकर चिकटवला गेला. तो कशासाठी, हे विचारल्यावर टूर मॅनेजर नुसते हसले. बाहेर पडायला ४.०५ वाजले. पार्कची आमची वेळ ४.३० ची होती. मोठी बस मुख्य फाटकापर्यंत जात नाही, खाली सोडते आणि पुढे चढ आहे. बसने सोडले तेव्हाच ४.५० झाले होते. पत्नीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे (बुकिंगच्या अर्जात तसे लिहिले होते), तरी ती कुठे न थांबता चढली. आम्ही ५.१२ ला फाटकावर पोहोचलो. तिकिटावरच्या वेळेनंतर अर्धा तास आत सोडतात, पुढे नाही. फाटकावरच्या मुलीने मॅनेजरच्या मोबाइलवरची वेळ बोटाने दाखवली आणि मान हलवली. पुढची तिकिटे संपली होती.

तेव्हा मॅनेजर मला म्हणाले, “काका, इथूनच फोटो काढू. पायऱ्या दिसतात, त्यांच्यावरचा तो मोझॅकचा सरडा पण दिसतोय. आत हेच आहे.”

मुलगा वाईट नव्हता, त्याला वरून आलेल्या सूचना असणार. पण “आत हेच आहे” हे वाक्य माझ्या डोक्यात बसले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. उभी नोकरी सरकारी इमारतींच्या गळक्या गच्च्यांमागे गेली. कोबा करा, वर चायना मोझॅक (फुटक्या फरशांचे तुकडे) लावा, दोन पावसाळ्यांनी पुन्हा तक्रार हजर. तिकडे पार्क ग्वेलमध्ये आंतोनी गाउदी या वास्तुकाराने शंभर वर्षांपूर्वी फुटक्या फरशांच्या तुकड्यांनी शंभरेक मीटर लांबीचा नागमोडी बाक मढवला आणि त्या बाकाच्या कडेने मोठे मोकळे पटांगण केले. पटांगणाला फरशी नाही. पावसाचे पाणी मातीत-वाळूत मुरते, गाळले जाते, खालच्या दालनाच्या खांबांच्या पोटातून उतरते आणि तळच्या टाकीत साठते. टाकी १,२०० घनमीटरची, म्हणजे बारा लाख लिटर. जादा झालेले पाणी पायऱ्यांवरच्या कारंज्यातून बाहेर पडते. दालनात ८६ खांब आहेत आणि ते मुळात तिथल्या रहिवाशांच्या बाजारासाठी बांधलेले आहे. कारण ही जागा बाग म्हणून सुरूच झाली नव्हती. एउसेबी ग्वेल या धनिकाने १९०० साली तिथे साठ प्लॉटची वसाहत काढली. १९१४ ला काम थांबले तोवर घरे झाली दोन! पुढे नगरपालिकेने जागा विकत घेतली आणि १९२६ मध्ये ती सगळ्यांसाठी बाग म्हणून उघडली. न विकल्या गेलेल्या प्लॉटिंगमधून जागतिक वारसा निघालेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तर मला त्या खांबांखाली उभे राहून वर बघायचे होते, मग पटांगणावर जाऊन मातीला हात लावायचा होता. एवढ्यासाठी मी तुमची सहल निवडली. दुसऱ्या एका कंपनीची सहल स्वस्त होती, पण तिच्या पत्रिकेत पार्क ग्वेल नव्हते. फाटकातून पायऱ्या दिसल्या, दालनाचे पुढचे काही खांब दिसले. पटांगण त्या दालनाच्या डोक्यावर आहे, ते रस्त्यावरून कसे दिसणार?

आता गर्दीच्या हंगामाबद्दल. आम्ही साताऱ्याचे. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत ऑनलाइन बुकिंग, ठरलेली वेळ आणि रोजच्या माणसांवर मर्यादा असते, हे आमच्या घरातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्या अडकल्या की वरच्या गावातल्या माणसाला दवाखान्यात उतरणे मुश्कील होते. पार्क ग्वेलच्या आजूबाजूलाही माणसेच राहतात. आमच्या ग्रुपचे अडतीस जण फूटपाथवर वाद घालत उभे असताना एक म्हातारी बाई भाजीची ढकलगाडी घेऊन आमच्यामुळे रस्त्यावर उतरली, ते मी पाहिले. तिथल्या ११६ नंबरच्या छोट्या बसमध्ये रहिवाशांनाच जागा मिळेना, म्हणून २०२४ मध्ये तो मार्ग गूगल मॅपवरून काढायला लावला होता. वेळेचे तिकीट तिथे २०१३ पासून आहे. त्यामुळे फाटकावरच्या मुलीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. गर्दी होणार हे ठाऊक असल्यामुळेच तर वेळ आधी ठरवतात. आम्हाला बारा मिनिटे उशीर झाला, आणि त्या दुकानात दीड तास गेला.

आपण ‘सदिच्छा’ म्हणून पुढच्या सहलीवर दोन हजार रुपयांचे कूपन देऊ केले आहे. ते वापरायचे तर आधी पुन्हा तुमच्याकडेच पैसे भरावे लागतील. कूपन नको.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. आम्हा दोघांच्या न वापरलेल्या तिकिटांची रक्कम, मूळ पावतीच्या प्रतीसह. कबूल केलेली सेवा न दिल्याबद्दल दोघांचे मिळून पंधरा हजार रुपये. आणि ते दुकान कार्यक्रमात कोणाच्या सांगण्यावरून आले, याचे लेखी उत्तर. हिरव्या स्टिकरचाही खुलासा त्यातच करावा.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. ग्राहक राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही. पुण्याला हेलपाटे मारावे लागतील म्हणून म्हातारा गप्प बसेल, अशी अटकळ असेल तर ती सोडून द्यावी. ग्रुपमधल्या आणखी सहा जणांनी सह्या देण्याची तयारी दाखवली आहे, त्यांतले दोघे तर शेजारच्याच गल्लीत राहतात.

सोबत कार्यक्रमपत्रिकेच्या पानाची, डायरीच्या पानाची आणि आपल्या ई-मेलची प्रत जोडली आहे. स्टिकर मूळचाच आहे, तो पाहून परत पाठवावा.

आपला,
बुकिंगधारक
सदर बझार, सातारा