पायरसी बंद झाली तरी ढोलकीवाल्याला काय मिळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीतला पायरसीवरचा लेख वाचला. सगळा राग फुकट डाउनलोड करणाऱ्या पोरांवर काढलाय, तो चुकीचा नाहीये, पण गोष्ट अर्धीच सांगितलीये म्हणून लिहितोय. माझा कोल्हापुरात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, भक्तिगीतं, लोकगीतं आणि गणपती जवळ आले की गणपतीची गाणी.

पूर्वी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, आता तेच काम टेलिग्रामवर चालतं, शिवाय यूट्यूबवरून एमपीथ्री काढून देणाऱ्या साइट आहेतच, आणि मॉड केलेलं, म्हणजे फेरफार करून फुकट केलेलं ॲप टाकून प्रीमियम फुकटात ऐकणारे तर चांगले पगारदार लोक असतात, विचारलं की हसतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आणि २ लाखांपर्यंत दंड आहे, पण धाक कुणाला?

बरं, समजा उद्या हे सगळं बंद झालं, पैसे जाणार कुणाकडे? रेकॉर्डिंगच्या दिवशी गायिका येते, ढोलकीवाला येतो, पेटीवाला, कोरसच्या दोघीतिघी. काम उरकलं की म्युझिक कंपनीचा माणूस पाकिटं वाटतो आणि इंग्रजी कागद पुढे सरकवतो, इथं सही करा. त्यात सगळे हक्क जगभरासाठी आणि कायमचे दिले असं लिहिलेलं असतं. ते उगाच नसतं हां, कारण करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, त्यामुळे तेवढं लिहायला कंपनी विसरत नाही. गाणं अपलोड करताना ढोलकीवाल्याचं नाव टाकायला मात्र हमखास विसरते, आणि नावच नाही तर तो बिचारा उद्या हक्क सांगणार कशाच्या जोरावर? गाणं लाखांत चाललं तरी त्याला पाकिटाच्या वर एक रुपया नाही, आणि हे सगळं अगदी कायदेशीर ॲपवर चालू असतं.

लतादीदींनी साठच्या दशकात गायकांसाठी रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या कमाईतला वाटा मागितला, त्यावरून रफीसाहेबांशी बिनसलं, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसांची ही तऱ्हा. कायद्यात नीट यायला २०१२ ची दुरुस्ती उजाडली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा आता सही करूनही कंपनीला देऊन टाकता येत नाही, आणि कलम ३८अ मध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टी सांगितलीये. गायकांच्या हक्कांसाठी काढलेल्या इस्रा या संस्थेची २०१३ मध्ये कायद्याखाली नोंदणीही झाली. माझ्याकडे येणाऱ्या कलाकारांना यातलं काहीच माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर माहीत असूनही कोण बोलणार, पुढच्या गाण्याला दुसरा ढोलकीवाला बोलावतात.

तेव्हा डाउनलोडवाल्यांना जरूर झोडपा, पण करार मराठीत हवा, त्यात वादकांची नावं आणि वाटा लिहिलेला हवा, हेही एकदा छापा. आणि गणपतीच्या नव्या गाण्यांची बातमी देता तेव्हा गायक-संगीतकारांच्या जोडीला ढोलकी कुणाची, पेटी कुणाची तेही टाका, एका ओळीचं तर काम आहे.

आपला,
एक स्टुडिओवाला, कोल्हापूर