ते कैदी नव्हते, आणि तो फोटो आमचा आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यावरचा लेख दोनदा वाचला, पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा दोष असेल. 'पोलिश युद्धकैद्यांची छावणी'? अहो कैदी कुठले, बहुतेक बायका-पोरं होती ती! १९४० पासनं रशियानं घरातनं उचलून सायबेरियात नेऊन टाकलेली, मग इराणमार्गे हिकडं आलेली. १९४३ ते ४८, पाचेक हजार माणसं, शाळा, चर्च, थिएटर सगळं होतं छावणीत. कितीजणींचे नवरे-भाऊ तिकडं इटलीत मोंते कॅसिनोच्या लढाईत दोस्तांच्या बाजूनं लढत होते, आपली मराठा पलटण पण तेव्हा तिथंच इटलीत होती की. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ उभा आहे, तुमच्या बातमीदारानं निदान तो तरी वाचायचा.

बरं, चूक होते माणसाची. पण फोटोचं काय? लेखात जो छापलाय, सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून बराकीपुढं उभा असलेला टोपीवाला माणूस, ते माझे आजोबा. रोज पहाटे छावणीत दूध घालायचे, म्हातारपणीसुद्धा कुणी दारात आलं की 'जेन दोब्री' (पोलिशमधला नमस्कार) म्हणायचे, पाहुण्यांना वाटायचं म्हाताऱ्याला वात झालाय. तुमचा बातमीदार गेल्या दिवाळीत घरी आला, चिवडा खाल्ला, दोनदा चहा घेतला आणि 'काका, स्कॅन करून दोन दिवसात आणून देतो' म्हणून फोटो घेऊन गेला तो गेलाच. फोन उचलत नाही. आणि आता खाली छापलंय काय, तर 'संग्रहित छायाचित्र'. कुणी केला हो संग्रह? आमच्या ट्रंकेनं!

शीर्षक म्हणे 'विस्मरणात गेलेलं गाव'. आम्ही राहतोय इथं, विसरतोय कशाला? आणि छावणी रिकामी झाल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, गांधीनगर झालं, त्याला लेखात एक ओळ. खाली अर्धं पान तिथल्याच कापडाच्या सेलची जाहिरात मात्र बरोबर बसली.

जाता जाता, तावडे हॉटेलच्या चौकातनं गांधीनगरकडं वळताना जो जीव जातो त्यावर मी तीन पत्रं पाठवली, एकही छापलं नाही. हे पण नका छापू हवं तर, पण फोटो द्या. मागच्या बाजूला पेन्सिलीनं दुधाचा हिशेब लिहिलाय, शेरात, त्यावरनं ओळखता येईल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, वळिवडे