हार्मोनच्या गोळ्यांबद्दल विचारलंस म्हणून

कोथरूड, पुणे

प्रिय शैला,

तुझं पत्र मिळालं. डाव्या हाताला प्लास्टर असताना चार पानं लिहितेस म्हणजे बाकी सगळं ठणठणीत आहे असं समजते. पण शेवटी जे विचारलंस, "तू घेतल्या होत्यास ना हार्मोनच्या गोळ्या, तुझी हाडं शाबूत आहेत, मग मीही सुरू करू का?", त्याचं उत्तर फोनवर उभ्या उभ्या द्यावंसं वाटेना.

मला विचारशील तर नको. माझ्यावरून तर मुळीच नको.

माझी पिशवी आणि अंडाशयं काढली तेव्हा मी पन्नाशीच्याही आत होते. घामाने रात्री गाऊन पिळून निघायचा, झोप नाही, सगळ्यांवर खेकसणं चालू. शरीराने आणखी काही वर्षं जे बनवलं असतं तेच डॉक्टरांनी गोळीतून दिलं. पिशवीच नव्हती, म्हणून इस्ट्रोजेन या एकाच हार्मोनवर भागलं. तुझं गर्भाशय जागेवर आहे. नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर आतलं अस्तर वाढत जातं आणि कॅन्सरचा धोका येतो, म्हणून तुला जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही लागेल. त्यात तुझी पाळी जाऊन पंधरा वर्षं उलटली.

हाडांना इस्ट्रोजेनचा फायदा होतो, ते खोटं नाही. हाड सारखं झिजत आणि भरत असतं. झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं. पाळी गेली की तो आवर सुटतो, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत झीज सगळ्यात जोरात होते. तो काळ तुझा कधीच मागे पडला.

अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात गर्भाशय असलेल्या 16,608 बायकांपैकी निम्म्यांना दोन्ही हार्मोन दिले, निम्म्यांना औषध नसलेली नुसतीच दिखाऊ गोळी. सरासरी वय 63, म्हणजे आपल्यासारख्याच की गं! 2002 साली तो मधेच थांबवला. दर 10,000 बायकांमागे वर्षाला खुब्याची फ्रॅक्चर 5 ने कमी झाली. पण स्तनाचे कॅन्सर 8 ने, पक्षाघात 8 ने, फुप्फुसात गुठळ्या 8 ने आणि हृदयविकाराचे झटके 7 ने वाढले. आकडे लहान आहेत, घाबरवायला लिहीत नाही. पण खुबा वाचवायला दुसरी औषधं असताना हा सौदा कशाला?

त्या बातमीनंतर पन्नाशीतल्या बायकांनीही धास्तीने गोळ्या टाकून दिल्या, त्याचं मला वाईट वाटतं. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली, तर हिशेब बराच वेगळा निघतो. तुझ्या धाकट्या जावेला घामाचा त्रास आहे म्हणालीस, तिने गायनॅकला जरूर विचारावं.

आणि माझी हाडं शाबूत, हे तुझं प्रेम! गोळ्या बंद झाल्या की झीज पुन्हा सुरू होते. माझा टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, आता उणे 1.9 आहे. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असं म्हणतात.

तू आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, करून घे, कमरेचे मणके आणि खुबा दोन्हींचा. साताऱ्यात जमत नसेल तर इकडे ये, माझ्याकडे राहा. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलंय, तेव्हा आकडा बरा आला तरी डॉक्टरांना ते ठासून सांग. डी जीवनसत्त्व आणि थायरॉइडही तपासतील. बहुधा हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेट देतील: सकाळी अनशापोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाही नाही. तुझी खरी परीक्षा तिथेच! तुला अ‍ॅसिडिटी आहे ते आधीच सांग. गोळी सोसली नाही तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड असतं, त्यासाठी मूत्रपिंडं ठीक लागतात. सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅब इंजेक्शनचं नाव निघालं तर एवढं विचार, की बंद करताना पुढे काय द्यायचं. ते मधेच सोडलं तर मणके पटापट दबू शकतात. माझ्या नणंदेच्या बाबतीत हे कुणी बोललंच नव्हतं. आणि तुझी ती हलणारी दाढ औषध सुरू व्हायच्या आत दाखव.

नाचणी खातेस, उत्तम. पण नुसत्या नाचणीने झिजलेलं हाड भरून येत नाही, तुझे फॅमिली डॉक्टर काहीही म्हणोत. तळजाई टेकडीवर आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणी रोज चालतात म्हणून निश्चिंत असतात. वजनं उचला म्हटलं की हसतात. मी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलं, खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि एका पायावर उभं राहणं. इथल्या उखडलेल्या फुटपाथवर त्याचाच उपयोग होतो.

तुझ्या न्हाणीघरातली ती गुळगुळीत फरशी मात्र काढ बाई. निदान धरायला दांडी तरी बसवून घे, भाऊजींना मी फोन करते. मोतीबिंदूही दिवाळीनंतरवर ढकलू नकोस.

डेक्साचा रिपोर्ट आला की दोन्ही पानांचा फोटो पाठव, नुसतं "नॉर्मल आहे" असं कळवू नकोस. खुब्याच्या मानेचा आकडा मला बघायचाय.

तुझी,
मालती