योकोचा होकार

प्रिय बयो,

संपवली एकदाची! ४५ च्या ४५ भाग. तू 'ट्वेल्व किंग्डम्स' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका बघ म्हणून मागे लागली होतीस, तेव्हा चौथ्या-पाचव्या भागाशीच मी ती सोडली आणि वेळ मिळत नाही अशी थाप मारली. खरं कारण आज लिहिते. मला तिची नायिका, ती शाळकरी योको, सहन होत नव्हती. सारखी रडते, सारखी माफी मागते, समोरच्याचं तोंड बघून आपलं मत ठरवते. वर्गातल्या मुली सुगिमोतोला वाळीत टाकतात, हिला ते पटत नाही, पण तोंड उघडेल तर शपथ! आता पुन्हा बघताना कळलं, तो राग तिच्यावरचा नव्हताच. मागच्या महिन्यात एका मीटिंगमध्ये माझं काम दुसऱ्याच्या नावावर खपवलं गेलं आणि मी मान डोलावून 'छान झालंय' म्हणाले. आता बोल.

सुरुवातीचा तो शाळेतला प्रसंग आठव. लांब सोनेरी केसांचा केइकी, म्हणजे दुसऱ्या जगातला राजा निवडणारा दैवी जीव, येतो, तिच्या पायाशी कपाळ टेकतो आणि 'परवानगी दिली' एवढं म्हणा म्हणतो. संकट दाराशी आलेलं, काचा फुटताहेत, ही भेदरून म्हणून टाकते. झालं! एवढ्यावर बाई त्या जगातल्या केइ देशाची राणी. तेव्हा मला हा नुसता धमाल प्रसंग वाटला होता. पण किती खवचट आहे बघ ना: जन्मात कुणाला 'नाही' न म्हटलेल्या मुलीला राज्य मिळतं, तेही अर्थ न कळता दिलेल्या एका होकारातून. पुढचे कितीतरी भाग ती तोच होकार निस्तरत असते.

तिची ताकदही सुरुवातीला उसनीच असते. तलवार कशी धरायची ठाऊक नाही, म्हणून केइकी जोयू नावाचा जीव तिच्या अंगात सोडतो. हात-पाय तो चालवतो. हिने फक्त डोळे उघडे ठेवायचे, कारण जोयू बघणार तिच्याच डोळ्यांनी. आणि ही नेमके डोळेच मिटून घेते! मला हसू आलं, मग हसू गेलं.

पण मालिका खरी सुरू होते ती राकुशुनपाशी. पावसात मरायला टेकलेल्या योकोला हा लहान मुलाएवढा बोलका उंदीर घरी नेतो, शुश्रूषा करतो, वाटेला सोबत निघतो. शहराच्या वेशीवर राक्षसी श्वापदं तुटून पडतात, तो जखमी होऊन पडतो, आणि पकडले जाऊ या भीतीने योको त्याला तसाच टाकून पळते. पुढचं तर त्याहून वाईट: याने आपला पत्ता सांगितला तर? मागे जाऊन त्याला संपवावं का? तिला वाटेत सतत दिसणारं एक निळं माकड हेच तिच्या कानाशी लागून सांगत असतं, आणि ते बोलतं ते तिच्याच मनातलं असतं. इथे मी थांबवून पाणी प्यायले. नायिकेच्या मनात इतका घाणेरडा विचार येऊ देणारी किती कार्टून्स आहेत, सांग! मग ती ठरवते की दुसऱ्याने फसवलं तरी चालेल, त्यात नीच तो ठरेल. आपण विश्वास ठेवायचा तो कुणाला आवडावं म्हणून नाही, आपल्याला तसं जगायचंय म्हणून. नंतर बंदरावर राकुशुन तिची वाट बघत उभा असतो. तिथे मी रडले. हो, मीच, योकोला रडूबाई म्हणणारी.

आणि राणी झाल्यावर सगळं सुरळीत होत नाही, हे तर मला फारच आवडलं. आधीच्या राणीने मत्सरापायी देशातल्या बायकांना हाकललेलं, त्यामुळे 'पुन्हा राणीच का?' असे उसासे. सरकारी कागद हिला धड वाचता येत नाहीत, केइकीसुद्धा निःश्वास सोडतो, आणि ती पुन्हा तोंडं बघत बसते. शेवटी काही दिवस सिंहासन सोडून नाव बदलून खेड्यात शिकायला जाते. बंडाच्या गदारोळात तिच्यासारखीच जपानातून आलेली सुझु आणि राज्य गेलेली राजकन्या शोकेइ भेटतात त्या अशाच, ही राणी आहे हे त्यांना ठाऊक नसताना.

मग तिची पहिली आज्ञा. दरबार भरलाय, सगळ्यांची कपाळं जमिनीला. कर नाही, सैन्य नाही, ती लोटांगणच बंद करते. यापुढे फार तर गुडघा टेकायचा, नाहीतर उभ्याने वंदन. वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, गं, आणि हिला आता चेहरे बघायचेत. पूर्वी घाबरून बघायची तेच.

तक्रारीही आहेत. मागचंच पुन्हा सांगणारे भाग मी सरळ पुढे ढकलले. केइकीसारखाच दैवी जीव असलेल्या छोट्या ताइकीची गोष्ट अर्धवट टांगून ठेवलीय, त्याबद्दल तू मला आधी सावध करायला हवं होतंस! मालिका २००२ ची, त्यामुळे मारामारीची चित्रं कुठेकुठे ताठर वाटतात. ओनो फुयुमीच्या मूळ कादंबरीत योको एकटीच त्या जगात जाते म्हणे. सुगिमोतोला बरोबर धाडणं मालिकेचं डोकं. मला ते पटलं. पहिल्यांदा वाळीत पडलेली मुलगीच समोर तलवार घेऊन उभी राहते, तेव्हा योकोला गप्प बसण्याचा हिशेब द्यावा लागतो.

तू शोकेइच्या बाजूने भांडणार, मला माहीतेय. बापाच्या राज्यात माणसं मरत होती आणि मला कुणी सांगितलंच नाही म्हणते, हे मला अजून पचत नाही. तिचं वकीलपत्र घेऊन लांबलचक लिही. आणि हो, त्या कामाबद्दल काल मेल पाठवली. चार ओळींचीच. सहा वेळा खोडून शेवटी 'सॉरी' तेवढं काढून टाकलं. उत्तर आलेलं नाही अजून.

तुझीच,
रडूबाई